पूजेचं ताट की डिलिव्हरीचा तक्ता?

पत्र : मी साताऱ्यातल्या एका कार शोरूममध्ये आहे. टेलिकॉलर म्हणून लागले, मग साडेपाच वर्षं सेल्समध्ये काढली, आणि मार्चपासून टीम लीडर आहे. हाताखाली पाच मुलं, त्यातला एक माझ्याहून सीनियर. माझे स्वतःचे आकडे कायम वरचे होते. पण आता मुलं डिस्काउंटसाठी मला ओलांडून थेट सेल्स मॅनेजरकडे जातात. यार्डातले दादा माझ्या टीमची गाडी सगळ्यात शेवटी सोडतात. महत्त्वाचं जे काही असतं ते संध्याकाळी चहाच्या टपरीवर ठरतं आणि मला दुसऱ्या दिवशी कळतं. ग्राहक समोर बसले की 'साहेब आहेत का?' विचारतात. त्यात फायनान्स कंपनीचा एक प्रतिनिधी रात्री अकराला मेसेज टाकतो. माणसं जोडायला हवीत हे कळतं. पण कशी जोडायची, आणि नावाला बोल न लागता कशी?
— एक वाचक, सातारा

ताई,

तुमच्या सगळ्या तक्रारी तुम्ही एकाच खात्यावर टाकल्या आहेत, आणि ते खातं म्हणजे तुमचं बाई असणं. काही तक्रारींपुरतं ते खरंही आहे. पण मुलं मॅनेजरकडे जातात याचं पहिलं कारण साधं आहे : डिस्काउंटची किल्ली मॅनेजरकडे आहे, तुमच्याकडे नाही. तुमच्या जागी एखादा पुरुष असता आणि त्याच्या सहीला शून्य रुपयांची किंमत असती, तर त्यालाही मुलांनी महिनाभरात ओलांडलं असतं. (बरं, दोन महिन्यांत. तेवढा फरक आहे, तो आम्ही नाकारत नाही.)

तेव्हा सुरुवात तिथून करा. गेल्या तीन महिन्यांच्या तुमच्या टीमच्या डील शीट (प्रत्येक सौद्याच्या हिशेबाचे कागद) घेऊन बसा. प्रत्येकीवर तीन गोष्टी टिपा : फाइल तुमच्याकडून गेली की थेट, शेवटी डिस्काउंट किती गेला, आणि त्यातला कंपनीच्या स्कीमचा किती व डीलरच्या खिशातला किती. थेट गेलेल्या फाइलींवर डीलरचा डिस्काउंट बहुतेक जास्त निघतो, कारण मॅनेजरसमोर उभा राहिलेला मुलगा ग्राहकाची बाजू मांडतो, शोरूमची मांडत नाही. हा कागद घेऊन मॅनेजरला बंद दाराआड भेटा. महिनाअखेर टाळा, ५ ते १० तारखेच्या मधला दिवस बघा. दोन गोष्टी मागा. एक, ठरावीक रकमेपर्यंत तुमच्या सहीने डिस्काउंट सुटेल. ती रक्कम गाडीमागे पाच हजार असली तरी चालेल. लहान असू दे, पण लेखी असू दे, ईमेलवर. दोन, टीम लीडरच्या सहीशिवाय आलेली डील शीट अकाउंट्स घेणार नाही.

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती मॅनेजरच्या तोंडून एकदा तरी सगळ्यांसमोर यायला हवी. कुणी थेट आला की त्यांनी एवढंच विचारायचं : 'मॅडमची सही कुठाय?' पहिल्या दोन आठवड्यांत ते हे विसरतील. ते जाणूनबुजून नसतं, सवय असते. तेव्हा मुलासमोर वाद घालू नका. त्याच संध्याकाळी ती फाइल घेऊन जा आणि 'ही एक निसटली' म्हणून समोर ठेवा. चार-पाच वेळा असं झालं की सवय लागते.

ग्राहकाच्या 'साहेब आहेत का?' या प्रश्नाचं मूळही इथेच आहे. साहेबांना बोलावण्यात कमीपणा नाही, ग्राहकाला वाटाघाटीचं समाधान हवं असतं. नुकसान पुढच्या मिनिटाला होतं. साहेब येतात, हसतात, 'जाऊ दे, दोन हजार अजून कमी' म्हणतात, आणि ग्राहकाला धडा मिळतो की मॅडमचा भाव हा भाव नव्हता. तो पाहुण्यांनाही हेच सांगून पाठवतो : थेट साहेबांना भेटा. म्हणून मॅनेजरशी आधीच ठरवून घ्या. ते आले की खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसतील, ग्राहकाच्या बाजूला नाही, आणि विचारतील, 'मॅडमनी काय सांगितलंय?' तुम्ही आकडा सांगायचा. 'मग तोच फायनल.' अजून काही द्यायचंच असेल तर त्यांनी तुमच्याकडे बघायचं आणि ते तुमच्या तोंडून जाऊ द्यायचं. मॅट असो, मडफ्लॅप असो, पहिल्या सर्व्हिसचं पिकअप असो. आणि टेस्ट ड्राइव्हला जमेल तेव्हा ग्राहकाच्या आधी स्वतः स्टिअरिंगवर बसा. यवतेश्वरच्या चढाला भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरवर तुम्ही सहज वळण काढलं, की तुम्हाला गाडीतलं कळतं का हा प्रश्न सहसा पुन्हा येत नाही.

आता यार्डातले दादा. यांच्याबद्दल तुम्ही जरा रागावून लिहिलंय, म्हणून त्यांची बाजू सांगतो. दिवसभर त्यांना पंधरा जण फोन करून 'ती पांढरी माझ्यासाठी धरून ठेवा' म्हणतात. बुकिंग नसतं, पैसे आलेले नसतात. संध्याकाळी ग्राहक रंग बदलतो आणि धरलेला चॅसिस नंबर (गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) सोडायला कुणी कळवत नाही. पैसे खात्यावर जमा व्हायच्या आधी 'गाडी तेवढी वॉशिंगला पाठवा' असा दबाव येतो. साडेसातला गेट पास येतो आणि पंधरा दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. शेवटी बोलणी कोण खातं? तेच. अशा माणसाने ज्याचा त्रास कमी त्याची गाडी आधी सोडली, तर त्यात नवल नाही.

तुम्ही त्रास कमी करणारी टीम व्हा. उद्याच्या डिलिव्हरींची यादी आज दुपारी चारच्या आत त्यांना द्या : चॅसिस नंबर, ग्राहकाचं नाव, पैसे पूर्ण आले की नाही, बँकेचा डिलिव्हरी ऑर्डर (कर्ज मंजूर आहे, गाडी द्या, असं पत्र) आला की नाही, गाडी किती वाजता हवी. ग्राहक डळमळला तर धरलेली गाडी २४ तासांत सोडा आणि तसा मेसेज टाका. आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून जुन्या स्टॉकची यादी मागून घ्या. ही यादी सहसा कुणी आपणहून मागत नाही, आणि मालकाचं लक्ष मात्र तिच्यावरच असतं.

का, ते आकड्यात बघा. १० लाखांची गाडी डीलर बहुधा बँकेच्या पैशावर उभी करतो. व्याज १० टक्के धरलं तर दिवसाला सुमारे २७४ रुपये. ६० दिवसांत साडेसोळा हजारांच्या जवळ, ९० दिवसांत पावणेपंचवीस हजारांच्या आसपास. गाडीमागे डीलरच्या हाती चार टक्के, म्हणजे ४० हजार राहतात असं समजलं, तरी अर्ध्याहून जास्त नफा यार्डातच विरघळला. २०२४ च्या सणांच्या तोंडावर देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा असल्याचं 'फाडा' या वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने जाहीर केलं होतं, आणि त्यांच्या मते तो २१ दिवसांचा असायला हवा. तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये 'साठ दिवसांवरच्या सात गाड्या आहेत, त्यातल्या तीन माझी टीम या महिन्यात काढेल' असं तुम्ही म्हणालात आणि दोन जरी काढल्यात, तरी मालक तुमचं नाव लक्षात ठेवतील. शिवाय तोच डिस्काउंट नव्या गाडीऐवजी जुन्या गाडीवर मागितला की तो मिळतोही लवकर.

बॅक ऑफिसचं पण असंच. तिथल्या मुलीला गोड बोलण्यापेक्षा पूर्ण फाइल जास्त आवडते. आधार आणि पॅनवरच्या नावाचं स्पेलिंग एक आहे का, विम्याच्या नॉमिनीचं नाव आणि वय घेतलंय का, इनव्हॉइसवरची बँक आणि डिलिव्हरी ऑर्डरवरची बँक एकच आहे का, फॉर्म २० वर (नोंदणीच्या अर्जावर) सही झाली का, हे तुमच्या टेबलावर तपासा. साताऱ्यात एक खास घोळ होतो. ग्राहक कराडच्या बाजूच्या गावचा असतो, फाइल एमएच-११ ची (सातारा आरटीओ) बनते आणि पत्ता निघतो एमएच-५० च्या (कराड आरटीओ) हद्दीतला. तालुका आधीच विचारून घ्या. पसंतीचा नंबर हवा असेल तर त्याचे पैसे नोंदणीच्या आधी भरावे लागतात, हेही बुकिंगच्याच दिवशी सांगा. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर कर खासगी गाडीपेक्षा बराच जास्त लागतो. किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण ग्राहकाला शेवटच्या दिवशी कळला की भांडण ठरलेलं, आणि ते भांडण कॅशियरच्या खिडकीवर होतं. कॅशियर पुढचे सहा महिने ते विसरत नाही.

बँकेच्या प्रतिनिधींकडून लीड (संभाव्य ग्राहकांची नावं) हव्या असतील तर त्यांच्या दोन दुखण्यांवर औषध द्या : अर्धवट फाइल, आणि एकाच ग्राहकाची फाइल तीन बँकांत एकदम टाकणं. प्रत्येक बँकेची चौकशी सिबिलवर, म्हणजे ग्राहकाच्या कर्जाच्या नोंदवहीत, नोंदली जाते आणि ग्राहकाचा स्कोअर खाली येतो. मग तिघेही नाही म्हणतात. नोकरदाराच्या ३ महिन्यांच्या पगारपावत्या, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. शेतकऱ्याचा सातबारा, आठ-अ, आणि कारखान्याचं ऊसबिल ज्या खात्यावर जमा होतं त्याच खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट. बरेच जण दुसरंच खातं देतात, त्यात उत्पन्न दिसत नाही आणि फाइल पडते. फाइल पडली तर कारण विचारा आणि लिहून ठेवा. सहा महिन्यांत कुठल्या बँकेला कुठला ग्राहक चालतो हे शोरूममध्ये सगळ्यात जास्त तुम्हाला माहीत असेल. मग मुलं तुमच्याकडे आपोआप येतील, कारण मॅनेजरला ते माहीत नसतं.

टपरीबद्दल आमचं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. तिथे जाऊन उभं राहण्याचा अट्टहास नको, आणि तिथे न जाण्याचा तोराही नको. चारचा चहा घ्यावासा वाटला तर जा, आपले पैसे आपण द्या, दहा मिनिटांत परत या. पण खरा उपाय म्हणजे टपरीवर ठरलेलं पक्कं न होऊ देणं. सकाळी पावणेदहाला उभ्याउभ्या पंधरा मिनिटांची मीटिंग लावा : काल काय झालं, आज कुणाची डिलिव्हरी, कुठली गाडी कुणाला. मॅनेजरना थेट विचारा, 'काल संध्याकाळी काही ठरलं का?' रुसवा नको, साधा प्रश्न, रोज. उत्तर ग्रुपवर टाका. गाड्यांचं वाटप ग्रुपवर लिहिलं गेलं तरच ते झालं, असा पायंडा पडला की टपरीवर फक्त चहा उरतो. महिनाअखेरच्या ढाब्यावरच्या जेवणांना गेला नाहीत तरी काही अडत नाही. तिथे ठरल्यासारखं वाटलेलं बरंचसं सकाळी कुणाला आठवत नसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. दसऱ्याला, पाडव्याला, धनत्रयोदशीला तुमच्या हातात काय असतं? आमचा अंदाज आहे : रांगोळी, औक्षणाचं ताट, पेढे, आणि ग्राहकाच्या बायकोबरोबर फोटो. हे काम वाईट नाही, पण ते दरवर्षी बाईकडेच का येतं हे एकदा विचारा, आणि यंदा ते फिरतं करा. मुलांना हळद-कुंकवाचं ताट धरता येतं. तुम्ही डिलिव्हरीचा तक्ता मागून घ्या. शोरूममध्ये वर्षातला सगळ्यात अवघड कागद तोच, आणि तो ज्याच्या हातात असतो त्याच्याकडे त्या आठवड्यात वर्कशॉप, यार्ड, अकाउंट्स, आरटीओचं काम बघणारा मुलगा, सगळेच येतात.

हिशेब असा करा. पूजा, फोटो, गाडी समजावणं आणि सह्या मिळून एका डिलिव्हरीला ४५ मिनिटं. डिलिव्हरीच्या दोन जागा, सकाळी ८ ते रात्री ८. कागदावर ३२ गाड्या बसतात, प्रत्यक्षात २८ निघाल्या तर नशीब. बुकिंग ४५ असेल तर उरलेल्या सतरा कुटुंबांचा आरडाओरडा दुपारी दोनला सुरू होतो, कारण सगळ्यांना एकच मुहूर्त हवा असतो. मार्ग दोन. निम्म्या ग्राहकांना आदल्या दिवशी बोलावून गाडी समजावून द्या आणि सह्या उरका, म्हणजे सणाच्या दिवशी फक्त पूजा आणि किल्ली, वीस मिनिटं. आणि सर्व्हिसच्या रिसेप्शनसमोर मांडव टाकून तिसरी जागा करा, त्या दिवशी तिथे फारसं कुणी येत नाही. वर्कशॉपला डिलिव्हरीपूर्व तपासणीची यादी पाच दिवस आधी द्या, ॲक्सेसरीजच्या फिटिंगसकट. नोंदणी आणि नंबर प्लेट तीन दिवस आधी झालेली असावी. आदल्या दिवशी सगळा जिल्हा नोंदणीच्या पोर्टलवर असतो आणि ते रांगतं. इंधन आदल्या रात्री. किल्ल्यांचा जुडगा एकाच माणसाकडे, नावांची चिठ्ठी लावून. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यात जास्त वेळ किल्ली शोधण्यात जातो. आणि या तक्त्याचं काम पितृपक्षातच सुरू करा, तेव्हा शोरूममध्ये तशीही माशा मारायची वेळ असते.

वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरना याच निमित्ताने ओळखीचं करून घ्या. सहा-सात वर्षांच्या गाडीला क्लच आणि सस्पेन्शन मिळून चाळीस हजारांचं एस्टिमेट निघालं, की तो ग्राहक एक्स्चेंजला तयार असतो, आणि ही बातमी सगळ्यात आधी ॲडव्हायझरला असते. त्याने दिलेल्या लीडवर गाडी विकली गेली तर त्याचं नाव डील शीटवर लिहा, म्हणजे इन्सेंटिव्ह बुडणार नाही. नुसतं 'थँक्यू दादा' म्हणून हे नातं दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही.

शोरूमबाहेरची माणसं म्हणाल, तर तुमच्याच कंपनीच्या कराड, सांगली, कोल्हापूरच्या डीलरशिपमध्ये तुमच्यासारख्या कुणी आहेत का ते शोधा. कंपनीच्या ट्रेनिंगला जाल तेव्हा दोघी-तिघींचे नंबर घ्या. तुमच्याकडे लाल ऑटोमॅटिक नाही आणि सांगलीत ती दीड महिना पडून आहे, हे एका फोनवर कळलं तर दोन्हीकडचे मॅनेजर तुम्हाला दुवा देतील. गाडी मात्र मॅनेजरच्या संमतीने, रीतसर बिलावरच हलवायची. डिस्काउंटचे आतले आकडे आणि ग्राहकांचे नंबर कुणालाही द्यायचे नाहीत, कितीही मैत्री असली तरी. आणि आपल्याच शोरूममधल्या टेलिकॉलर मुलींना विसरू नका. तुम्ही त्याच खुर्चीतून उठला आहात, आणि नव्या टीम लीडर नेमक्या त्याच खुर्चीपासून अंतर ठेवतात. लीड त्यांच्याकडूनच सुटते. प्रत्येक लीडचं पुढे काय झालं हे संध्याकाळी त्यांना कळवलंत, तरी पुष्कळ.

कंपनीचे एरिया मॅनेजर येतात तेव्हा फुगवून सांगू नका. २० तारखेला 'महिनाअखेर नऊ' म्हणालात आणि नऊच आल्या, असं तीन महिने झालं, की पुढच्या वेळी ते आकडा तुम्हालाच विचारतील.

रात्रीच्या मेसेजचं मात्र वेगळं आहे, तिथे नाती सांभाळण्याचा प्रश्नच येत नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी दहानंतर द्या, फक्त फाइलबद्दल, आणि शक्य तर ज्यात मॅनेजर आहेत त्या ग्रुपवर. सगळे मेसेज तारखेसकट जपून ठेवा, काहीही पुसू नका. एकदा स्पष्ट लिहा : कामाव्यतिरिक्त मेसेज करू नका. तरी थांबलं नाही तर लेखी तक्रार करा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तुमच्याकडे तिची नावं भिंतीवर लावली आहेत का, बघा. माणूस बाहेरच्या कंपनीचा आहे म्हणून मालकांना हात झटकता येत नाहीत. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्यांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही कायद्याने त्यांचीच जबाबदारी आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते, म्हणून 'बघू पुढे' करत बसू नका. शोरूममध्ये समितीच नसेल, तर जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तसंच, रात्री साडेनऊनंतर तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला कामावर थांबवता येत नाही, आणि थांबलात तर सुरक्षेची व्यवस्था मालकांनी करायची असते. महिनाअखेरच्या उशिराच्या डिलिव्हरींना हे लक्षात असू द्या. यातलं काही केल्याने धंद्यातली माणसं तुटतील अशी भीती वाटेल. जो तुटेल तो तसाही तुमच्या कामाचा नव्हता, आणि त्याची कंपनी दुसरा माणूस पाठवेल.

राहिला तो सीनियर मुलगा. त्याला टीम लीडर व्हायचं होतं, हे उघड आहे, आणि ते सगळ्या शोरूमला माहीत आहे. त्याला समजावत बसू नका. त्याला असं काही द्या जे त्याला तुमच्याहून बरं येतं. शाळा, पतसंस्था, साखर कारखान्यातले अधिकारी अशा मोठ्या ओळखी त्याच्याकडे असतील, तर संस्थात्मक विक्री त्याच्या नावावर करा आणि मीटिंगमध्ये ती त्यालाच मांडू द्या. पण सहीचा नियम त्यालाही तोच. त्याची बिनसहीची फाइल आली तर परत पाठवा, आणि काय राहिलंय ते चिठ्ठीवर लिहून त्याच दिवशी चारच्या आत पाठवा, म्हणजे त्याचा ग्राहक तुमच्यामुळे अडला असं त्याला म्हणता येणार नाही.